उबेची वाटणी

महाराष्ट्रातील घर शतकानुशतके दोन ऋतूंकडे पाहून बांधले गेले. वैशाखातले ऊन अडावे आणि आषाढातला पाऊस आत येऊ नये, एवढी काळजी घेतली की गवंडी-सुतारांचे काम संपत असे. थंडीचा विचार त्या बांधणीत जवळपास झालाच नाही आणि त्याला कारणही होते, कारण हाडापर्यंत पोचणारा गारठा येथे वर्षातून दोन-तीनदा, तोही पाच-सात दिवसांपुरता येतो आणि तेवढ्यासाठी घराच्या रचनेत फेरफार करणे कुणालाच शहाणपणाचे वाटत नाही. काश्मीरमधल्या जुन्या घरांत दगडी फरशीखाली लाकडे जाळून तापवलेली हमामाची खोली असते; नाशिक, जळगाव किंवा नागपूरच्या घरात फरशी उन्हाळ्यात गार राहावी म्हणूनच बसवलेली असते, खिडक्या वारा खेळता राहावा अशा बेताच्या असतात आणि विस्तवाची जागा असलीच तर ती स्वयंपाकापुरती असते. परिणामी थंडीच्या आठवड्यात यांपैकी कोणतेही घर सबंध असे उबदार नसते. उबदार असतात त्या घरातल्या काही मोजक्या जागा, आणि त्याही दिवसातल्या ठरावीक वेळी. त्या आठवड्यातले कौटुंबिक जीवन समजून घ्यायचे तर या जागांजवळ कोण, केव्हा आणि किती वेळ असतो, याकडे पाहावे लागते, आणि तसे पाहू लागले की एरवी अंगवळणी पडलेली घराची व्यवस्था बरीच उघडी पडते.

‘थंडीची लाट’ हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत सैलपणे वापरला जात असला तरी हवामानशास्त्रात त्याची व्याख्या ठरलेली आहे. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार सपाट प्रदेशातील केंद्रावर किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आले आणि ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असले, तर ती थंडीची लाट समजली जाते; घट ६.४ अंशांहून अधिक असली तर ती तीव्र लाट ठरते. सरासरी काहीही असो, पारा ४ अंशांपर्यंत उतरला तरी लाट आणि २ अंशांपर्यंत उतरला की तीव्र लाट, असाही एक निकष आहे. किनारपट्टीसाठी १० ऐवजी १५ अंशांची मर्यादा धरतात, त्यामुळे पंधरा अंशांना स्वेटर काढणाऱ्या मुंबईकराची घाटावर जी थट्टा होते तिला निदान शास्त्राचा आधार नाही. राज्यातील जुन्या नोंदी पाहिल्या तर पुण्याचा पारा १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंशांपर्यंत, नाशिकचा ७ जानेवारी १९४५ रोजी ०.६ अंशांपर्यंत आणि मुंबईत सांताक्रूझचा २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. अलीकडच्या काळात २०१८ च्या डिसेंबरचा शेवटचा आठवडा लोकांच्या लक्षात राहिला आहे; त्या आठवड्यात २९ तारखेला नागपूरला ३.५ अंशांची नोंद झाली आणि नाशिक जिल्ह्यातील निफाडचा पारा २ अंशांच्याही खाली गेला.

निफाडचे नाव दर हिवाळ्यात बातम्यांत येते याचे एक कारण असे की तालुक्यातील कुंदेवाडी येथे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू संशोधन केंद्र आहे आणि तेथे रोजच्या रोज तापमान मोजले जाते. ‘त्र्यंबक’ आणि ‘तपोवन’ हे शेतकऱ्यांच्या परिचयाचे गव्हाचे वाण याच केंद्रातले. दुसरे कारण भूगोलात आहे. भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे सरकत येणारे आणि हिमालयात बर्फ पाडणारे वातावरणीय क्षोभ, ज्यांना मराठीत पश्चिमी झंझावात म्हणतात, ते पुढे निघून गेले की त्यांच्यामागून उत्तरेचे कोरडे, थंड वारे सखल भागांकडे वाहू लागतात आणि त्यांचा जोर असला तर सातपुडा ओलांडून ते खानदेश-नाशिकपर्यंत पोचतात. या वाऱ्यांबरोबर बाष्प नसते, म्हणून आकाश निरभ्र होते. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडू लागते तेव्हा ती परतवून लावायला ना ढग असतो ना दमटपणा. त्यातच वारा पडला की जमिनीलगतची हवा सर्वांत आधी गार होते, जड होते आणि उतारावरून सरकत सखल भागात साचते. एरवी उंचीबरोबर तापमान घटते, पण अशा रात्री खाली थंड आणि वर तुलनेने उबदार असा उलटा क्रम लागतो. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. गोदावरी आणि कादवा यांच्या काठचा निफाडचा सखल मुलूख या साचणाऱ्या गारठ्याला सोयीचा पडतो. तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, लाकडी पेटीच्या आडोशाला ठेवलेला असतो, तर उघड्यावरचे गवत आणि पिकाची पाने त्याहून काही अंशांनी अधिक गार होतात. म्हणूनच पारा तीन-चार अंश दाखवत असताना पानांवरचे दव गोठल्याचे शेतकरी सांगतो तेव्हा त्यात अतिशयोक्ती नसते.

या रात्रींना तोंड देण्याचे मराठी घरातले मुख्य साधन म्हणजे अंथरूण-पांघरूण, आणि त्यात गोधडीचा मान पहिला. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे आणि साड्यांचे धुऊन मऊ झालेले थर एकावर एक पसरून ते धावदोऱ्याने शिवले की गोधडी किंवा दक्षिण महाराष्ट्रातली वाकळ तयार होते. ऊब देते ते कापड नव्हे, कापडाच्या थरांमध्ये अडकून पडलेली स्थिर हवा ऊब देते, कारण हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. जाड एकेरी चादरीपेक्षा पातळ थरांची गोधडी उबदार वाटते ती यामुळेच. झोपेत शरीरातून बाहेर पडणारे बाष्प हळूहळू या थरांत मुरते आणि ओलसर झालेला थर उष्णता धरून ठेवत नाही, तेव्हा रोज सकाळी गोधड्या उन्हात टाकण्याची पद्धत ही नुसत्या टापटिपीची बाब म्हणता येत नाही.

घोंगडीची गोष्ट वेगळी आहे. दख्खनी मेंढीची लोकर कातून सनगर समाजातले विणकर ती खड्डामागावर विणतात. उभ्या ताण्याला ताठरपणा यावा म्हणून चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली खळ त्याला कुंच्याने चोपडतात आणि उन्हात वाळवतात. नवी घोंगडी अंगाला टोचते, तिला मेंढीचा आणि खळीचा उग्र वास असतो, आणि शहरातल्या घरातून ती हद्दपार झाली त्यात या दोन गोष्टींचा वाटा मोठा आहे. पण लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एकतृतीयांश इतके बाष्प शोषूनही कोरडी वाटते, म्हणून दव पडणाऱ्या उघड्या रानात मेंढ्यांच्या वाड्याशेजारी रात्र काढणाऱ्या धनगराला घोंगडीला पर्याय नाही. शहरात तिची जागा सोलापुरी चादरीने, पुढे रजईने आणि पानिपतहून येणाऱ्या केसाळ ब्लँकेटने घेतली. स्वेटर-मफलरांसाठी दर हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांचे तंबू शहराशहरांत लागतात आणि तेथील मालातला पुष्कळसा लुधियानाचा असतो.

पांघरुणापेक्षाही मोठे साधन म्हणजे शेजारी झोपलेले माणूस. निवांत पडलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून सुमारे ८० वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पिवळ्या दिव्याइतकी; एका गोधडीत तिघे झोपले तर त्या गोधडीतली हवा तीन दिव्यांनी तापते आणि सर्वांत चांगली जागा मधल्याला मिळते. एरवी आपापल्या खोलीत, आपापल्या मोबाइलसह झोपणारी मुले या आठवड्यात आजीच्या अंथरुणाकडे सरकतात त्यामागे प्रेम असतेच, पण उष्णतेचे हे गणितही असते. खाटेवर झोपणाऱ्याला खालून गार हवा लागते म्हणून गादीखाली पोते किंवा जुनी सतरंजी घालतात. घराच्या प्रकारावरही बरेच अवलंबून असते. मराठवाड्यातले पांढऱ्या मातीचे, दोन-दोन हात जाड भिंतींचे आणि वर माळवद घातलेले घर दिवसा शोषलेली उष्णता रात्री हळूहळू आत सोडत राहते. त्याची जागा घेणारा लोखंडी पत्रा मात्र निरभ्र आकाशाखाली क्षणात गार पडतो, आणि माणसांच्या श्वासातले बाष्प त्याच्या आतल्या बाजूला जमून पहाटे थेंब-थेंब अंथरुणावर गळते. पत्र्याच्या घराला ‘पक्के घर’ म्हणण्याची सरकारी आणि सामाजिक सवय या थेंबांकडे पाहून तरी तपासायला हवी.

दिवसातले सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसते, ते सूर्योदयाच्या सुमारास किंवा त्यानंतर थोड्या वेळाने असते, कारण सूर्याकडून येणारी उष्णता जमिनीतून जाणाऱ्या उष्णतेला भारी पडेपर्यंत गारवा वाढतच राहतो. दुसरी तितकीशी न जाणवणारी बाब अशी की २१-२२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागला तरी महाराष्ट्राच्या अक्षांशावर सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा-उशिराच होत जातो. वाढलेला उजेड संध्याकाळच्या वाट्याला जातो. म्हणजे संक्रांतीच्या आसपासची सकाळ ही वर्षातली सर्वांत उशिरा उजाडणारी आणि अनेकदा सर्वांत गार अशी सकाळ असते, आणि घराचे घड्याळ मात्र जूनमध्ये लावलेले तेच असते. शाळेची गाडी, कारखान्याची पहिली पाळी, दुधाचे संकलन यांतले काहीही सूर्यासाठी थांबत नाही. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ पूर्वी भरवू नयेत असा आदेश राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला, त्यामागे मुलांच्या झोपेचा विचार होता. थंडीच्या आठवड्यात त्याचा दुहेरी उपयोग होतो, परंतु मोठ्या भावंडाची शाळा सातला भरत असेल तर घराला जाग साडेपाचलाच येते.

ही जाग घरातल्या एकाच माणसाला आधी येते, आणि ते माणूस बहुधा बाई असते. पहाटेचा पहिला विस्तव तिने पेटवायचा, तो चुलीचा असो, बंबाचा असो वा गॅसचा. तांब्याच्या बंबात मधोमध उभी नळी असते, तिच्यात ढलप्या, शेंड्या किंवा दाणे काढलेली मक्याची कणसे जळतात आणि भोवतीचे पाणी तापते; पाणी काढले की तेवढेच गार पाणी वरून ओतायचे, हा बंबाचा अलिखित नियम जो पाळत नाही त्याला पुढच्याची बोलणी खावी लागतात. विजेचा हिशेब केला तर एक बादली, म्हणजे सुमारे १५ लिटर पाणी १५ अंशांवरून ४२ अंशांवर आणायला जवळपास अर्धे युनिट लागते, तेव्हा सहा माणसांच्या घरात केवळ आंघोळीवर रोज तीन युनिटे जातात. गच्चीवर सौरबंब असलेल्या घरांना येथे एक गंमतीदार सवलत मिळते, कारण ज्या निरभ्र आकाशामुळे रात्र गोठते त्याच आकाशातून दिवसा ऊन भरपूर मिळते. अशा रीतीने तापलेल्या पाण्याचा क्रम ठरलेला असतो: प्रथम शाळेत जाणारी मुले, मग नोकरीवर जाणारा पुरुष, ऊन वर आल्यावर म्हातारी माणसे, आणि ज्या बाईने पाणी तापवले तिची आंघोळ एकतर सर्वांच्या आधी, पाणी पुरते तापण्यापूर्वी, नाहीतर सर्वांच्या शेवटी, ते निवत आल्यावर. भांडी आणि धुणे यांना तर गरम पाणी क्वचितच मिळते. गच्चीवरच्या टाकीतले पाणी रात्रभरात बर्फासारखे होते, पण विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जमिनीच्या पोटात असल्याने वर्षभर साधारण एकाच तापमानाचे राहते आणि पहाटे ते चक्क कोमट लागते. धुणे घेऊन विहिरीवर जाणाऱ्या बायका पंपाचे पाणी सुटण्याची वाट पाहतात ती म्हणूनच.

विस्तवाची एक बाजू मात्र जिवावर बेतणारी आहे आणि ती दर हिवाळ्यात बातम्यांतून समोर येते. लाकूड, कोळसा किंवा गॅस पुरेशा हवेअभावी जळला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो, त्यामुळे शरीराचा प्राणवायूचा पुरवठा नकळत तुटतो. न्हाणीघरात बसवलेला गॅस गिझर आणि थंड वारा येऊ नये म्हणून बंद केलेली झडप, किंवा बंद खोलीत रात्रभर धुमसत ठेवलेली कोळशाची शेगडी, या दोन्हींत धोका तोच आहे. झोप, डोकेदुखी, मळमळ एवढीच त्याची चाहूल असते. गिझर न्हाणीघराबाहेर बसवावा आणि शेगडी झोपण्यापूर्वी अंगणात न्यावी, हे उपाय फारसे खर्चिक नाहीत.

थंडीच्या या वेळापत्रकाला धर्माची जोड मिळाली की काय होते याचे उत्तम उदाहरण म्हणजे धुंधुरमास. सूर्य धनू राशीत असतो त्या काळात, म्हणजे मध्य डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत, एखाद्या दिवशी सूर्योदयाच्या वेळी देवाला नैवेद्य दाखवून सगळ्या कुटुंबाने तेव्हाच जेवायचे, अशी ही प्रथा आहे. मुगाच्या डाळीची गरम खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचे भरीत आणि मिसळीची लेकुरवाळी भाजी हा त्याचा बेत. वर्षातल्या सर्वांत गार घटकेला सबंध घर एका पंगतीत, गरम अन्नासमोर बसवणारी ही कल्पना निःसंशय देखणी आहे. मात्र सूर्योदयाला पान वाढायचे तर भाकरी थापणारीला साडेतीन-चारला उठावे लागते, आणि या प्रथेचे कौतुक करणाऱ्या लेखनात त्या वेळेचा उल्लेख क्वचितच सापडतो.

बाजरी हिवाळ्यातच का, याचे उत्तर केवळ ‘ती उष्ण असते’ एवढ्यावर सोडण्याची गरज नाही. बाजरीच्या दाण्यात स्निग्धांश बऱ्यापैकी असतो आणि दळल्यावर दाण्यातीलच विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, त्या स्निग्धांशाचे विघटन करू लागतात. त्यामुळे उन्हाळ्यात बाजरीचे पीठ काही दिवसांतच कडू होते. थंडीत ही क्रिया मंदावते आणि पीठ अधिक टिकते. शिवाय खरिपाची नवी बाजरी घरात येऊन पडलेली असते. भोगीच्या भाजीत वांगे, पावटा, घेवडा, गाजर, ओला हरभरा, बोरे, भुईमूग आणि तीळ एकत्र येतात तेही मुख्यतः त्या आठवड्यात शेत-परसात काय तयार आहे यामुळेच. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ ग्रंथातील ऋतुचर्येच्या अध्यायात हेमंतात जठराग्नी प्रबळ होतो असे सांगून स्निग्ध, बलवर्धक आहार सुचवला आहे. डिंकाचे, मेथीचे आणि अळिवाचे लाडू याच विचारातून आलेले दिसतात. ज्या काळी लोक दिवसभर रानात राबत तेव्हा हे लाडू पचत होते, आता खुर्चीत बसून खाल्लेल्या लाडवांचा हिशेब शरीर वेगळा मांडते, एवढे नमूद करणे पुरे.

स्वयंपाकघरातल्या वस्तूही या दिवसांत आपले स्वभाव बदलतात. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठते, म्हणून कोनाड्यातली तेलाची बाटली पांढरी झाली की घराला थंडी लागल्याची वर्दी मिळते, आणि ती बाटली उन्हात ठेवण्याचे काम घरातल्या एखाद्या मुलाकडे येते. कोकमाचे तेल, म्हणजे कोकण-गोव्यातले मुठेल किंवा भिरंडेल, तर त्याहूनही वरच्या तापमानाला वितळते, त्यामुळे त्याची वडी फुटलेल्या टाचेवर तापवून चोळावी लागते. सर्वांत जास्त हाल होतात विरजणाचे. दुधाचे दही करणारे जिवाणू उबेतच वाढतात. ती नसली की सकाळी भांड्यात दूधच राहते. मग विरजण जास्त घालणे, दूध नेहमीपेक्षा कोमट ठेवणे, भांडे शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यात किंवा धान्याच्या कोठीत ठेवणे असे उपाय होतात. घरात चार माणसे कुडकुडत असताना एकमेव शाल दह्याच्या पातेल्याला मिळते, यावर थोरामोठ्यांचे टोमणे ठरलेले असतात, पण दही लागले नाही तर तक्रार करणारेही तेच असतात.

थंडी शरीराला सर्वत्र सारखी लागत नाही. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणजे उष्णता आतल्या अवयवांसाठी राखली जाते, आणि त्यामुळे रक्तदाब वाढतो. वृद्धांमध्ये हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे प्रमाण हिवाळ्यात वाढलेले आढळते, त्यामागे हे एक कारण आहे. पहाटे साडेपाचला मफलर गुंडाळून फिरायला निघणाऱ्या आजोबांना डॉक्टर ऊन पडल्यावर निघण्याचा सल्ला देतात तो यासाठी. आतल्या भागात जमलेले जास्तीचे रक्त मूत्रपिंडांना शरीरात पाणी अधिक झाल्याचा संकेत देते, म्हणून रात्री लघवीला वारंवार उठावे लागते, आणि शौचालय अंगणापलीकडे असेल तर हे उठणे वृद्धांसाठी साधी गोष्ट राहत नाही. तान्ह्या बाळाला मोठ्या माणसासारखी हुडहुडी भरत नाही. त्याच्या मानेभोवती आणि खांद्यांमध्ये असलेली तपकिरी चरबी जळून त्याला ऊब मिळते, पण हा साठा थोडा असतो. कुंची, टोपडे आणि दुपटे यांची परंपरा म्हणूनच योग्य आहे, कारण बाळाच्या शरीराच्या मानाने डोके मोठे असते आणि उष्णता तेथून बरीच जाते. बाळंतिणीच्या खोलीतली ओवा-वावडिंगाची धुरी मात्र बाळाच्या फुप्फुसांना अपायकारक आहे असे बालरोगतज्ज्ञ वारंवार सांगतात. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोता येथे रुग्णालयात सुरू झाली आणि आज ती आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतही शिकवली जाते. सगळ्या साधनांत सर्वांत विश्वासू शेगडी माणसाचे शरीर हीच, हे तेथे वैद्यकाने मान्य केले आहे.

सकाळी नऊनंतर घरातली उबेची जागा बदलते. डिसेंबरात नाशिकच्या अक्षांशावर भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या दारातून, खिडकीतून ऊन खोलवर आत येते. मे महिन्यात डोक्यावर आलेल्या सूर्याचे किरण त्याच दारात पाऊलही टाकत नाहीत. दक्षिणेची पडवी किंवा ओटा ही या दिवसांत घरातली सर्वांत मोलाची जागा होते, आणि तेथे पहिला हक्क म्हाताऱ्यांचा. त्यांच्या आजूबाजूला तांदूळ निवडणे, शेंगा सोलणे, लहानग्याला तेल लावणे आणि अभ्यास घेणे ही सगळी कामे सरकत्या उन्हाबरोबर सरकत राहतात. सदनिकांच्या इमारतीत हेच काम गच्ची करते. दक्षिणेकडे भिंत आणि उत्तरेकडे गॅलरी असलेल्या सदनिकेतल्या बायका उन्हासाठी खाली वाहनतळाशी येऊन उभ्या राहतात, आणि वर्षभर लिफ्टमध्ये नुसती मान हलवणाऱ्या शेजारणींची ओळख बहुधा या आठवड्यात वाढते.

घराच्या भिंतींबाहेर राहणाऱ्या कुटुंबांचा हिवाळा मात्र याहून निराळा आहे. ऊसतोडणीचा हंगाम नेमका थंडीतच असतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली नवरा-बायकोची जोडी, जिला या व्यवसायात ‘एक कोयता’ असे मोजतात, उसाच्या पाचटाच्या कोपीत राहते. कोपीला वारा सगळीकडून लागतो, विस्तव आत पेटवावा तर पाचट पेटण्याची भीती, आणि गाडी भरायची वेळ आली की रात्र-पहाट हा भेद उरत नाही. दवाने भिजलेल्या उसाची पाने हाताला कापतात आणि ओल्या कपड्यांनिशी फड तोडावा लागतो. तान्हे मूल बांधावर, घोंगडीत किंवा युरियाच्या धुतलेल्या पोत्यांच्या झोळीत असते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत पेठ, सुरगाणा भागातून आलेले मजूर बागेच्या कडेला प्लॅस्टिकच्या कागदाखाली राहतात, तर लहान शेतकऱ्याला रात्रीची वीज मिळाल्यास रात्री दोनला गव्हाचे दारे धरायला जावे लागते. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषिवाहिन्यांची योजना आखली गेली त्यामागे बिबट्याच्या भीतीइतकेच हे गारठलेले पायही आहेत.

शहरातून हुर्ड्यासाठी, खानदेशात कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांच्या भरितासाठी किंवा रायगडात भांबुर्डीचा पाला आणि वालाच्या शेंगा मडक्यात भरून केलेल्या पोपटीसाठी लोक रानात जातात, तेव्हा शेकोटी हा आनंदाचा विषय असतो. द्राक्षबागेतल्या शेकोट्या कामासाठी पेटवलेल्या असतात. तापमान बरेच खाली गेले की वेलीची अन्न-पाणी वर चढवण्याची गती मंदावते, मण्यांत साखर भरणे लांबते, काही वेळा मणी तडकतात, आणि दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत पडली की हिरव्या वाणाच्या मण्यांवर गुलाबी छटा येते, ज्याला बागायतदार ‘पिंक बेरी’ म्हणतात आणि निर्यातदार नाकारतो. ते टाळण्यासाठी घरातली माणसे आणि मजूर मिळून एकेका घडाला कागद गुंडाळतात. पहाटे ठिबकमधून विहिरीचे कोमट पाणी सोडले जाते आणि ओळींमधून पाचोळ्याच्या, भुश्श्याच्या शेकोट्या धुमसत ठेवल्या जातात. एक मोठा जाळ करण्यापेक्षा अनेक लहान शेकोट्या अधिक उपयोगी पडतात, कारण मोठ्या जाळाची गरम हवा थेट वर निघून जाते, तर लहान शेकोट्यांची ऊब जमिनीलगतच्या गार थरात पसरते आणि वरच्या उबदार हवेशी त्याची सरमिसळ करते. या कामासाठी रात्री दोन ते सहा जागणारा बागायतदार आणि त्याचा मुलगा सकाळी घरी येतात तेव्हा बंबातले पाणी संपत आलेले असते. गव्हाच्या शेतात मात्र हाच गारठा फुटवे वाढवतो आणि बागायतदाराचा शेजारी शेतकरी थंडी अजून आठ दिवस राहावी असे बोलून दाखवतो.

आठवडा संपताना बहुतेक वेळा वारा दिशा बदलतो, अरबी समुद्राकडून किंवा बंगालच्या उपसागराकडून बाष्प येते आणि आकाशात ढग जमतात. रात्रीचे तापमान एका दिवसात पाच-सहा अंशांनी चढते, विरजण पुन्हा वेळेवर लागते आणि आजीच्या अंथरुणातली नातवंडे आपापल्या खोल्यांत परततात. द्राक्षबागायतदार मात्र त्याच ढगांकडे पाहून भुरीच्या फवारणीचे पंप बाहेर काढतो, कारण ढगाळ आणि दमट हवा त्या बुरशीला मानवते, आणि त्यात अवकाळी पाऊस आला तर तयार मणी तडकण्याची भीती असते. त्याच्या घरी त्या रात्रीही दिवा लवकर मालवला जात नाही.